वगळायचं फोल्डर

खाणीत चेहरा ठेचलेलं प्रेत मिळालं होतं आणि भिकाजीचा धाकटा भाऊ नारू बेपत्ता होता. इन्स्पेक्टर मृणाल केळुसकरांनी भिकाजीच्या मेंदूवर सर्च मारला: ‘भाऊ, दगड, रक्त; सिनेमा आणि बातम्यांचे फोल्डर वगळून.’

पडद्यावर भिकाजी नारूचं डोकं दगडाने ठेचत होता. पुन्हा पुन्हा.

“बघ, भडव्या!” हवालदार घुले ओरडला.

“मॅडम, मी नाही...” म्हणेपर्यंत लाठी कानशिलावर बसली. मग बसतच राहिली. दात फरशीवर विखुरले. भिकाजीचा श्वास थांबला.

तेवढ्यात नारू धापा टाकत दारात आला. त्याला आधी पडदाच दिसला.

“स्वप्नांचं फोल्डर वगळलंत ना, मॅडम?” तो म्हणाला. “दादा झोपेत रोज मला मारतो. आणि उठल्याउठल्या आधी मला शोधतो.”