यंत्राच्या घोड्याची खांदशेकणी

घोडा चालू झाला आणि राधिकाचे दोन्ही हात मुठीवरून घसरले. तिने पुन्हा मूठ धरली. पुन्हा घसरले. मग तिने तळवे नाकाशी नेले आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं. नरहरी पंख्याकडे बघू लागले.

घोडा म्हणजे यंत्र. रायपूरच्या शंकर नगरातल्या थेरपी सेंटरच्या मधल्या खोलीत बसवलेलं. खाली लोखंडी खांब, वर रेक्झिनची पाठ, मान, आणि मानेच्या बुडाशी धरायला मूठ. बटण दाबलं की पाठ खऱ्या घोड्यासारखी पुढेमागे, डावीउजवीकडे हलायची. राधिका दहा वर्षांची. जन्मापासून तिचं अंग तिचं ऐकत नव्हतं. बसवलं की डावीकडे कलायची. सहा महिन्यांत या पाठीवर ती ताठ बसायला शिकली होती, पण मूठ धरून. मूठ सोडली की चार आकडे मोजेपर्यंत छाती धडधडायची आणि हात परत मुठीवर जायचे.

मूठ धरलेल्या हातांनी लिहिता येत नाही, हीच तर अडचण होती. सोमवारी शाळेत मोठ्या मॅडम बघणार होत्या, की राधिका साध्या बेंचवर, पट्टा न बांधता बसून वहीत लिहू शकते की नाही. जमलं तर पाचवीच्या वर्गात. नाही जमलं तर आणखी एक वर्ष खालच्या खोलीत, पट्ट्याच्या खुर्चीत, एकटी.

"ये चिकना-चिकना क्या है?" थेरपी देणाऱ्या रूपालीदीदीने मुठीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"हळद-लोणी," नरहरी म्हणाले. "उद्या पोळा आहे ना दीदी. आज खांदशेकणी."

रूपाली रायपुरातच वाढलेली. मराठी सगळी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. "काकाजी, ये बैल है क्या?"

"बैल नाही, ते मले दिसते. पण सहा महिन्यांपासून माह्या नातीले पाठीवर घेऊन राहिला. बैलाचा मान ठेवायचा, मग याचा काहून नाही?"

रेल्वेत छत्तीस वर्षं गार्डाची नोकरी केलेल्या या माणसाच्या घरी बैल कधीच नव्हता. पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत तो मावलाही नसता. पण वर्ध्याकडची रीत हाडात मुरलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. रूपाली बाहेर फोनवर बोलत असताना नरहरींनी पिशवीतून वाटी काढली होती. यंत्राचा खांदा नेमका कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, म्हणून मानेपासून मुठीपर्यंत सगळीकडे चोळलं. आवतणही दिलं. भक्ती झाली, पण हात जरा सढळ पडला.

"रुको, बंद करके पोंछ देती हूँ." रूपालीने बटणाकडे हात नेला.

"बंद मत करो," राधिका म्हणाली.

तेवढ्यात पाठ डावीकडे झुकली आणि राधिका तिच्याबरोबर गेली. रूपालीने मागून तिच्या कमरेला आधार दिला. नरहरी नातीचा दंड धरायला धावले, पण त्यांचाच लोण्याचा हात सटकला.

"आजोबा, आप मत पकड़ो. आपका हाथ फिसलता है."

नरहरी दोन पावलं मागे सरले. सोमवार तोंडावर आलेला आणि आपणच पोरीचा सराव नासवला, या विचाराने त्यांना रडू येत होतं.

आता धरायला काही उरलं नव्हतं. राधिकाने ओठ घट्ट मिटले. हात उचलून मांड्यांवर ठेवले. पाठ पुन्हा डावीकडे गेली. तीही कलली, थरथरली, आणि स्वतःहून परत आली.

"डर लग रहा है?" रूपालीने विचारलं.

"हव."

"उतारूँ?"

"नहीं."

चार झाले. पाच झाले. नरहरी मनातल्या मनात मोजत राहिले, गाडी सुटण्याआधी डबे मोजायचे तसे. साठानंतर त्यांचा हिशेब चुकला. राधिकाचा डावा पाय काठीसारखा ताठ झाला होता, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो पुसायलाही तिने हात उचलला नाही. सहाव्या मिनिटाला रूपालीने कमरेमागचा हात हळूच काढून घेतला. राधिकाला ते कळलं. ती आणखी ताठ बसली.

दहा मिनिटांनी यंत्र आपोआप थांबलं. नरहरी पुढे आले, हात पाठीमागेच ठेवून.

"झालं बेटा. उतर आता. मी सगळं पुसून देतो."

राधिका उतरली नाही. "दीदी, एक बार और. इस बार तेज वाला."

"आता काहून? थकून जाशील ना."

रूपालीने नरहरींकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि वेग एकाने वाढवून बटण दाबलं. पाठ जोरात हलली. राधिका डावीकडे कलली, दात आवळून परत मधे आली.

"आजोबा," ती म्हणाली, "स्कूल का बेंच तो हिलता भी नहीं."