मुळीचा एक थेंब

तीन महिने खपून एका औषधी मुळीतून वेगळं काढलेलं ते द्रव्य मी सकाळी सहा पांढऱ्या उंदरांना पाजलं. नेहमीसारखं पिपेटच्या काचनळीने द्रव तोंडाने ओढताना एक थेंब माझ्या घशात गेला. कडू जहर! चूळ भरली आणि विसरलो.

दुपारी सहाही उंदीर भिंतीकडे तोंड करून बसले होते. प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी नलिनीने पिंजरा फिरवला. तेही सावकाश फिरले, पुन्हा त्याच भिंतीकडे.

“पलीकडे काय आहे रे?”

“काही नाही. चौथा मजला आपला. खाली घाटकोपर.”

“दाण्यालाही शिवत नाहीत.”

“भूक लागली की खातील ना.”

“जयवंत, तुझा डबा तासभर उघडाच आहे. आणि माझ्याशी बोलताना इकडे बघ ना यार.”

तिने माझं स्टूल स्वतःकडे फिरवलं.

मी सावकाश पुन्हा भिंतीकडे वळलो.