पत्र्यावरची थाप

रोशनने संत्री वाहणारी जुनी पिकअप टेकड्या चढण्यासाठी पार नवी केली. टायर मोठे लावले, गाडी हातभर उंच केली. मागचा पत्र्याचा डाला कापून फेकला आणि तिथे नुसते लोखंडी पाइप जोडले.

पहिल्या फेरीला त्याने बायकोला, दामिनीला, शेजारी बसवलं. मोहगाव सुटलं आणि मागून पत्र्यावर तळहाताची थाप पडली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डाल्यात बसणारे सारे असंच सांगतात. रोशनचा पाय सवयीने ब्रेकवर गेला.

मागे कोणी नव्हतं. पत्राही नव्हता.

जिथल्या मारुतीपुढे लोकांची भुतं उतरवतात, त्या जामसांवलीच्या फाट्यावर पुन्हा थाप पडली. रोशनने गाडी दामटली. थाप आणखी जोरात आली.

"अवो, थांबा ना," दामिनी वैतागली. "त्याले दर्शनाले उतरायचं असन."

"कोणाले?"

"मले काय इचारता? दिवाळीपासून गाडी तुम्हीच तं बनवून राहिले होते!"

रोशन थांबला. गाडी मागून अलगद वर उचलली गेली, जसं कोणी उतरावं.

"गेला बापा," दामिनीने हात जोडले. "चला."

रोशनने गिअर टाकला, तेवढ्यात गाडी मागून दबली. मग आणखी दबली. मग आणखी, पार टायर घासेपर्यंत.

आणि पत्र्यावर दोन थापा पडल्या.