सेकंदाला पंचवीस

"सेकंदाला पंधरा चित्रं ठेवू की दहा?" कॅमेरावाल्यानं विचारलं.

"एक," आप्पा म्हणाले.

कॅमेरावाल्याचा हात माऊसवर थबकला. "एकच ठेवलं तर माणसाचं नुसतं भूत दिसेल, काका," असं तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मागे उभ्या असलेल्या सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनंच त्याला बोलावलं होतं. रेकॉर्डिंगची पेटी सकाळपासून टीं टीं करत होती आणि आप्पा तिच्यासमोरून जेवायलाही उठत नव्हते.

पेटीतली डिस्क भरली होती, एवढंच. आता नवं रेकॉर्ड होईल तसतसं सगळ्यात जुनं पुसलं जाणार होतं. सगळ्यात जुन्या दिवशी आप्पांचा मुलगा अंगण ओलांडून कामावर गेला होता. अंगणावरचा हा कॅमेरा त्यानंच हौसेनं आदल्या संध्याकाळी बसवून घेतला होता. तो गेला तो परत आलाच नाही.

समोर काही हललं तरच कॅमेरा रेकॉर्ड करतो, हे कळल्यापासून हे घर हलेनासं झालं होतं. कपड्यांची दोरी मागे गेली. फाटकावरची वेल आप्पांनी मुळासकट उपटली. पुढच्या दाराला कडी लागली आणि येणंजाणं मागच्या दारानं सुरू झालं. सहा वर्षांच्या नातीला अंगणात पाय टाकायची बंदी झाली. फाटकापासून दारापर्यंत भिंतीलगतची हातभर कड तेवढी कॅमेऱ्याला दिसत नसे. सुनेनं कधी चकार शब्द काढला नाही. तिचाही जीव त्याच पेटीत अडकला होता.

"मी कॉपी काढून देतो ना," कॅमेरावाला म्हणाला. "नाहीतर नवी डिस्क टाका, जुनी जपून ठेवा."

"कॉपी आहे कपाटात. तिच्यात तो एकदम सुरू होतो आणि एकदम संपतो. इथं कसं, कालच्या मागं परवा, परवाच्या मागं तेरवा, असं मागं मागं जात राहिलं की तो भेटतो. जायला वाट आहे मला."

कॅमेरावाल्यानं पंचवीसचा आकडा एकवर आणला, चित्राचा दर्जाही खाली ओढला. "पुसणं थांबणार नाही, हळू होईल फक्त. आणि चोर आला तर ओळखू येणार नाही हं."

"चोराला कोण ओळखायचंय?"

"बरं, आता कुणीतरी फाटकापासून दारापर्यंत चालत या. तपासून बघतो."

आप्पांचा चेहरा पडला. तेवढंही रेकॉर्डिंग त्यांना जड जात होतं. सून मागच्या दारानं वळसा घालून पुढे गेली आणि फाटक उघडून चालत आली. किती दिवसांनी ती या फरश्यांवरून चालत होती. मध्यावर आल्यावर तिचे पाय उगीचच रेंगाळले.

कॅमेरावाल्यानं ते लावून दाखवलं. फाटकाशी एक बाई. मग तीच अंगणाच्या मधोमध. मग एकदम पायरीवर. तोंडाच्या जागी मातकट डाग. सुनेला पदरावरून ती बाई ओळखू आली.

आप्पांनी माऊस आपल्याकडे ओढला आणि सवयीनं मागे मागे जात शेवटच्या टोकाला पोचले. मुलगा दारातून बाहेर पडला. चालता चालता त्यानं खांद्यावरचा पट्टा सारखा केला. फाटक लावलं, दोन पावलं गेला, परत फिरला आणि कडी नीट लागलीय ना ते बघितलं. त्याची बोटंसुद्धा वेगवेगळी दिसत होती. सुनेनं आजवर हे बघायचं टाळलं होतं. आता तिला वाटलं, या घरात एवढं जिवंत दुसरं कुणी नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "उद्या मला शोधत मागं जायची वेळ आली, तर मी सापडेन का तुम्हाला? आणि ही?"

नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"पंचवीस कर," आप्पा म्हणाले.

"काका, मग तो लवकर जाईल."

"कळतंय मला."

कॅमेरावाल्यानं सगळं होतं तसं केलं. अंगण लख्ख दिसू लागलं, फरश्यांच्या भेगांसकट. आप्पांनी डोळे पुसले आणि नातीला म्हणाले, "जा गं बाळ, पुढच्या फाटकातून आत ये बघू." ती मागच्या दारानं धावत सुटली.

तिघं पडद्याकडे बघत राहिले. फाटक हललं. जरासं उघडलं, परत लागलं. अंगणात कुणीच आलं नाही. आप्पा पुढे वाकले. लख्ख, रिकामं अंगण तसंच दिसत राहिलं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. सुनेनं धावत जाऊन कडी काढली. नात धापा टाकत आत आली. भिंतीला पाठ घासत आल्यामुळे फ्रॉकला मागून चुना लागला होता.

"दिसले नाही ना मी, आजोबा?"