एकसारख्या बाटल्या

बाथरूममधून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नाकाला झोंबणारा वास. हातातला पेपर टाकून ते धावले. बायको चौकट धरून ओणवी झाली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी, श्वास लागलेला. त्यांनी तिला ओढतच गॅलरीत आणलं, खुर्चीत बसवलं, घरातल्या खिडक्या सताड उघडल्या. ॲसिडवर ब्लीच ओतलं गेलं होतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागला नाही.

कालच तर त्यांनी सफाईचं कपाट लावलं होतं. रिटायर झाल्यापासून घरातला एकेक कोपरा त्यांच्या तावडीत सापडत होता. मोठे कॅन स्वस्त पडतात म्हणून ते आणले आणि एका मापाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन सगळं त्यांत भरलं. तिच्या जुन्या बाटल्या, एकीला चिंधी बांधलेली, एकीला रबर, एकीला सुतळीची गाठ, सरळ भंगारात काढल्या.

"राहू द्या हो, माझं मला कळतं," ती दोनदा म्हणाली.

"काय कळतं? नुसता पसारा!" म्हणत त्यांनी प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. धोक्याच्या बाटल्यांना लाल.

तिचा खोकला थांबला, तसा त्यांच्या भीतीचा राग झाला.

"अगं, बोटभर अक्षरांत 'ब्लीच' लिहिलंय! दिसत नाही का तुला?"

"नाही दिसत."

त्यांना वाटलं, हीसुद्धा चिडली. पण आवाजात चीड नव्हती. ती त्यांच्याकडेच तोंड करून बसली होती आणि नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

"आधी कडेकडेचं गेलं," ती म्हणाली. "आता मधलंही धूसर झालंय. बाटल्या हाताला कळायच्या."

रिटायर झाल्यापासून आठ महिने ते दिवसभर तिच्यासमोर वावरत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या निरोप समारंभाचा फोटो छान आलाय म्हटलं होतं ना मी? तो मला दिसलाच नव्हता."