काचेतला अर्ज

दारातल्या बुद्धाला कमळ वाहून सोखोम आजी न्याय मंत्रालयात शिरली. तुरुंगातल्या मुलासाठी तिने दिलेला दयेचा अर्ज अकरा वर्षं सापडत नव्हता.

"आजी, तुरुंग खातं तीनदा या मंत्रालयातून त्या मंत्रालयात नांदायला गेलं. कागद हरवणारच की!" कारकून रित्थी नेहमीसारखा म्हणाला.

आज तिथे मंत्रालयाच्या इतिहासाचं प्रदर्शन होतं. 'नव्या शिक्क्याचा पहिला कागद' काचेत मांडला होता. त्यावरच्या लाल अंगठ्यात विळ्याचा व्रण दिसला आणि आजी ओरडली, "अरे, हा तर माझा अंगठा! वाच रे बाबा, शिक्क्याखाली काय लिहिलंय?"

रित्थीने अडखळत वाचलं.

"मंजूर. ताबडतोब सोडावे." तारीख अर्जानंतर तिसऱ्याच दिवसाची होती.