पुलापलीकडचं घर

अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागल्यापासून अमेरिकेच्या सीमेवरच्या बफेलो शहरातल्या मॅरिएटाचा एकच धोशा होता. "नव्या अध्यक्षाविरुद्धच्या मोर्चात गेले होते मी. उद्या दारात पोलीस येतील. त्याआधी पूल ओलांडून कॅनडात जाऊ!" नवरा ड्वेन कॉफी पीत नुसता हुंकार भरायचा.

तिने तिकडचं तीन खोल्यांचं घर पसंत केलं, तरी तो ढिम्म हलेना. ती भडकलीच.

"अरे, त्या माणसाला निवडून देणारे शेजारी असताना तुला झोप तरी कशी लागते?"

"तुला लागते तशीच," ड्वेन कप खाली ठेवत म्हणाला. "मत मीही त्यालाच दिलंय."

 

दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या दलालाला मॅरिएटा म्हणाली, "ते मोठं घर नको. एकटीपुरतं दाखवा."